भूशिराला वळसा

बोटवाल्याने इंजिन मंद केलं, कड्याच्या पोटातली गुहा दाखवली आणि आत पाणी इतकं निळं का दिसतं ते सांगायला लागला. ऐकता ऐकता तिने काठावरून वाकून पाण्यात हात घातला. पाणी वाटलं होतं त्यापेक्षा कोमट होतं. ‘हात आत घे’ हे शब्द तिच्या जिभेवर आले आणि तिथेच थांबले, कारण म्हणायला समोर कुणी नव्हतं. हात तिचाच होता. मग तिने घड्याळात पाहिलं. सव्वापाचला धक्क्यावरून निघाले होते, आता सहा वाजले होते, आणि या पाऊण तासात आपल्याला मोठ्याची एकदाही आठवण झाली नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिने हात बाहेर काढला, साडीला पुसला. शेजारी नवरा टोपी गुडघ्यावर ठेवून गुहेकडे अतिशय लक्ष देऊन पाहत होता. कुठल्याच गोष्टीकडे इतकं लक्ष देऊन पाहण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

आई गेल्यापासूनच्या सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची, फ्रेमच्या मापाच्या करून बसवायची. चाकावर पाण्याची धार, कानात घरघर, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी मन घरी जाऊन यायचं: त्याने चहा घेतला असेल का, गॅलरीचं दार लावलं असेल का, नळ सुरू ठेवला नसेल ना. दुखऱ्या दाताला जीभ लागत राहते तसं. त्याचा तिला त्रास व्हायचा असंही नाही. दात दुखतोय हेच ती विसरून गेली होती, फक्त जीभ जायची तेवढी जायची. आणि आज ती गेली नाही. वाऱ्याने केस विस्कटले, बोटवाल्याने दिलेली संत्री तिने सोलली, नवऱ्याच्या एका जुन्या साहेबाच्या गोष्टीवर ती हसलीसुद्धा. अंग हलकं झालं होतं. ते हलकेपण आता तिला चोरीच्या वस्तूसारखं वाटायला लागलं.

मोठा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. शरीर वाढत गेलं, डोकं सहा-सात वर्षांच्या पोराचं राहिलं. थोरला म्हणून घरात त्याला मोठा म्हणत, आणि पुढे त्या नावातली थट्टा कुणाला जाणवेनाशी झाली. तो मात्र तिला ताई म्हणायचा. ती पाच वर्षांची असताना एका दुपारी आईने त्याला भिंतीशी उभं केलं, तिला त्याच्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, “ही ताई. ही सांगेल ते करायचं.” आठ वर्षांच्या, तिच्यापेक्षा हातभर उंच अशा त्या मुलाने मान हलवली. त्या दुपारपासून ती थोरली झाली. बाहेर मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या, तिचा नंबर होता, तिने जाऊन सांगितलं की मला आता येता येणार नाही. असं सांगायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईने मरतानाही वचनबिचन काही मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित नाही म्हणता आलं असतं, निदान रडून थोडं कमी करून घेता आलं असतं. आई इस्पितळाच्या खाटेवर एवढंच म्हणाली, “त्याला बंद गळ्याचं चालत नाही. वरचं बटण कापून टाकायचं.” इतकंच. जसं काही पुढचं सगळं आधीच ठरलेलं होतं आणि फक्त बटणाचं सांगायचं राहिलं होतं.

नवऱ्याने कधी तक्रार केली नाही, हे तिला कबूल होतं. तो वजनमापांचा निरीक्षक होता, बाजारात तराजू तपासत आयुष्य गेलं. घरातही मोजूनमापून बोलायचा. मुलगा तर लग्न होईपर्यंत मामाच्याच खोलीत झोपायचा. लहानपणी त्याला मोठ्या मामाचा अभिमान होता, कारण बाकीच्यांच्या मामांना त्याच्यासारखी शिट्टी वाजवता येत नव्हती. पुढे मित्र घरी आणणं त्याने हळूहळू बंद केलं. तेही तिला दिसलं होतं. मग सून आली, शांत, कामाला चोख. आणि गेल्या हिवाळ्यात मोठ्याने तिला ढकललं. रागाने नव्हे, तिने त्याची खुर्ची खिडकीपासून हलवली होती आणि त्याला ती परत हवी होती. ती भिंतीवर आदळली, मनगट सुजलं, बाकी काही झालं नाही. पण तेव्हा सुनेला दुसरा महिना होता. त्या दिवसानंतर घरात एक नवीन प्रकार सुरू झाला: ती स्वतः दुकानातून आली की बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबायचं. अळीमिळी गुपचिळी. तिने कधी विचारलं नाही. चपला काढायला ती जरा जास्त वेळ लावायची, म्हणजे त्यांना विषय बदलायला सवड मिळे.

“अहो, फोन द्या जरा,” ती म्हणाली. “घरी विचारते, त्याने चहा घेतला का ते.”

“असू दे गं. आता कशाला,” नवरा गुहेकडे पाहत म्हणाला. गुहा मागे पडली होती.

“द्या ना. माझा पर्समध्ये खाली गेलाय.”

त्याने फोन दिला, पण द्यायच्या आधी तो हातात धरून ठेवला, एखादं वजन हातात घेऊन अंदाज घ्यावा तसा. सुनेने फोन उचलला नाही. मुलाने उचलला. मागे गाडीच्या वळणदिव्याची टिकटिक ऐकू येत होती.

“आई? काय गं, मजा येतेय ना?”

“तू गाडीत आहेस? मोठ्यापाशी कोण आहे?”

टिकटिक थांबली. “आई, तू बाबांशी बोल.”

“मोठा कुठे आहे?”

“बाबा सांगतील. मी धक्क्यावर येतो न्यायला. आई, बाबांशी बोल,” तो म्हणाला आणि फोन बंद झाला. ठेवताना त्याने नाक ओढलं ते तिला ऐकू आलं. ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निखळ राग करायला समोरचा माणूस जरा दगडी लागतो.

नवऱ्याने सांगितलं. फार वेळ लागला नाही. शहराबाहेरच्या टेकडीवर एक निवास आहे, अशाच मोठ्या वयाच्या मतिमंद माणसांसाठी. चांगला आहे, त्याने स्वतः तीनदा जाऊन पाहिला आहे. जागा मिळायला वर्षं लागतात, आपल्याला नशिबाने मिळाली. आज सहाच्या आत नेऊन सोडायचं होतं. आता सोडून झालं असेल.

“आणि ही बोट?”

“तू घरी असतीस तर झालं असतं का ते?”

जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, पण इथे मलमही आधीच लावून ठेवलं होतं, जखम नंतर झाली. आठवडाभरापूर्वी मुलगा जेवताना म्हणाला होता, लग्नाला तेहतीस वर्षं झाली तुमच्या, कधी कुठे गेलात दोघं? अख्खी बोट घ्यायची, बाकी कुणी नाही, संध्याकाळची वेळ, हा किनारा बघायला लोक कुठून कुठून येतात आणि तुम्ही इथे राहून पाहिला नाही. ती म्हणाली होती, मोठ्यालाही नेऊ. त्याला बोट लागते आई, आम्ही आहोत ना, मुलगा म्हणाला. आणि ती लगेच, फार लगेच, बरं म्हणाली होती. आज सकाळी सुनेने मोठ्याचे आठ सदरे इस्त्री करून पलंगावर रचून ठेवले होते. त्यातले दोन नवे. नव्यांचंही वरचं बटण कापलेलं होतं. पोटुशी असून किती करते बिचारी, असं मनात म्हणून ती केसांना कंगवा शोधायला गेली होती. एका माणसाला आठवड्याला आठ सदरे कशाला लागतात, हा प्रश्न तिथेच पलंगावर पडून राहिला. आता तो बोटीत येऊन बसला.

ती उठून उभी राहिली. बोट डचमळली.

“मागे फिरवा,” ती बोटवाल्याला म्हणाली. “आम्हाला परत जायचंय.”

बोटवाला पन्नाशीचा होता, उन्हाने रापलेला, सभ्य. त्याला वाटलं तिला मळमळतंय. त्याने डब्यातून लिंबू काढलं, चिरून तिच्या हातात दिलं. “हुंगा काकू, बरं वाटेल. आणि हे पाहा, भूशीर आलंच. इथून मागे फिरलं काय आणि वळसा घालून गेलं काय, वेळ तेवढाच. उलट मागे गेलो तर वारा तोंडावर येईल, जास्तच त्रास होईल. आणि खरं बघायचं ते सगळं पलीकडेच आहे.”

“चला पुढे,” नवरा म्हणाला.

ती लिंबू हातात धरून बसली. भूशिराचं टोक सावकाश सरकत बाजूला झालं आणि पलीकडचा किनारा उघडला, आणि तो खरोखरच सुंदर होता. हेच तिला सहन होईना. तांबूस कडे पाण्यातून सरळ वर गेलेले, त्यांच्या खोबणींत पांढरे पक्षी, वर गवताची पिवळी कड, आणि सगळ्यावर तिरपं, मधासारखं ऊन. डोळे तिचे होते, पण ते तिचं ऐकत नव्हते. ते पाहत होते. घरात कुणी गेल्यावर रडता रडता भूक लागते तसं. मोठ्याला आत्ता कुणीतरी एका अनोळखी खोलीत, अनोळखी खाटेवर बसवत असेल, आणि ती मनात म्हणत होती, ते दगड कसे कमानीसारखे झालेत पाहा.

“मला विचारायचं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. बोटवाल्यापुढे तमाशा नको, एवढं भान दोघांनाही होतं.

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते.”

“नाही म्हणाली असतीस आणि मनातून वाट पाहिली असतीस की आम्ही तुझं ऐकू नये,” नवरा म्हणाला. “आम्ही ते वाट पाहणं वाचवलं.”

तेहतीस वर्षांत तो इतकं लांब वाक्य क्वचित बोलला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चष्म्यावर समुद्राचे थेंब वाळून पांढरे ठिपके झाले होते; ती काच तिनेच घासली होती.

“माझ्या सहीशिवाय कसं घेतलं त्यांनी? सख्खी बहीण मी आहे. पालक मी आहे.”

“तुझी सही आहे.”

“मी कुठेही सही केलेली नाही.”

“केलीस. दुकानात. तो आला होता तेव्हा.”

आणि मग तिला ते आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलेलं नव्हतंच, फक्त उलटं करून ठेवलेलं होतं. महिन्यापूर्वी भर दुपारी मुलगा दुकानाच्या मागच्या खोलीत आला होता. तो तिथे कधी येत नसे. मशीन सुरू होतं, तिच्या हातात एका शाळामास्तरांची काच होती. “मामाचे वैद्यकीय कागद आहेत आई, इथे आणि इथे.” तिने मशीन बंद केलं नाही. ओला हात एप्रनला पुसला आणि त्याचं बोट जिथे टेकलं होतं तिथे सही केली, मग उलटून दुसरीकडे. वाचायचा चष्मा गळ्यात लटकत होता. तो तिने डोळ्यांवर चढवला नाही. सत्तावीस वर्षं ती दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर वाचत आली होती. एका शून्याची, एका अंशाची चूक तिने कधी जाऊ दिली नव्हती. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर फोन करून विचारायची, गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल. आणि चार पानं छापील, ठळक अक्षरं, ती तिने नुसत्या डोळ्यांनी धूसर पाहिली. मुलगा म्हणाला, “वाचतेस का?” त्याने विचारलं होतं. हेही आठवलं. त्याने विचारलं होतं आणि तो थांबला होता, चांगला दोन श्वास. ती म्हणाली, “तू वाचलंस ना? मग झालं.” आणि पुन्हा काचेकडे वळली. संध्याकाळी घरी जाताना तिने मोठ्यासाठी गोळ्या-बिस्किटं नेली होती, रोजच्यापेक्षा जास्त.

तिला हवं होतं ते एवढंच की आपल्यावर अन्याय झालेला असावा. तो उभ्या आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत झाला होता, नवरा, मुलगा, सून सगळ्यांनी मिळून केला होता, आणि आता तोही पुरता तिच्या वाट्याला येत नव्हता. सुंठीवाचून खोकला गेला, असं कुणीतरी तिच्या आत अगदी स्पष्ट म्हणालं. आवाज तिचाच होता. ती दचकली.

सूर्य पाण्याला टेकायला आला तसं बोटवाल्याने इंजिन बंद केलं. “आता पाच मिनिटं आवाज नाही करायचा,” तो कौतुकाने म्हणाला. “शांततेत बघा. सगळ्यांना हे फार आवडतं.” तो स्वतः पाठ वळवून टोकाशी जाऊन बसला, नवराबायकोला एकांत मिळावा म्हणून. बोट हलत राहिली. पाणी बुडाला चुळुकचुळुक लागत होतं. इंजिनाच्या घरघरीत निदान पुटपुटता येत होतं, आता तेही नाही. दोघं शेजारी शेजारी बसून सूर्य बुडताना पाहत होती. दुरून कुणाला दिसलं असतं तर त्याने म्हटलं असतं, काय समाधानी जोडपं आहे. नवऱ्याने तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो काढून टाकला नाही. काढायला हवा होता, हे तिला कळत होतं, पण वारा गार झाला होता आणि हात ऊबदार होता. पाच मिनिटं फार लांबली.

धक्क्यावर मुलगा गाडीपाशी उभा होता. त्याचे डोळे सुजले होते. ती त्याच्या अंगावरून सरळ रस्त्याला लागली आणि तिथे उभ्या असलेल्या टॅक्सीत बसली. “आई,” तो मागून म्हणाला. नवरा म्हणाला, “जाऊ दे तिला.” बोटवाला दोर बांधता बांधता म्हणाला, “पुन्हा या काकू.”

निवास टेकडीच्या वळणावर होता, बैठा, पुढे कण्हेरीची रांग. दारातच फिनेलचा वास, भिंतीला लावलेल्या कप्प्यांत चपला, प्रत्येक कप्प्यावर चित्र: बदक, छत्री, सायकल. वाचता न येणाऱ्यांना आपली जागा सापडावी म्हणून. कुणीतरी विचार करून केलं होतं ते. पर्यवेक्षिका म्हणून ज्या बाई पुढे आल्या त्या साधारण तिच्याच वयाच्या होत्या, दमलेल्या, पण खेकसून बोलणाऱ्या नव्हत्या. भेटायची वेळ संपली होती. तरी त्यांनी तिला आत नेलं, बोळाच्या टोकाला एका दाराशी थांबवलं. दाराला वरच्या अंगाला काच होती.

आत चार खाटा. तिघं झोपायच्या तयारीत. मोठा खिडकीजवळच्या खाटेच्या कडेला बसला होता, पाठ ताठ, हात मांडीवर, पायात बूट.

“जेवले व्यवस्थित,” बाई म्हणाल्या. “रडले नाहीत. फक्त बूट काढू देत नाहीत. निघायचंय म्हणतात. असू दे म्हटलं. झोप लागली की काढू.”

तो दाराकडेच पाहत होता. बोळात अंधार आणि आत दिवा, म्हणजे त्याला काचेत फक्त त्याची खोली दिसत असणार, हे तिला धंद्याने माहीत होतं. तरी ती एक पाऊल मागे झाली.

“मला त्याला नेता येईल का?” तिने विचारलं. विचारायलाच ती आली होती. टॅक्सीत सबंध वाटभर तिने नकाराला काय उत्तर द्यायचं याची तयारी केली होती: वकील, वर्तमानपत्र, सख्खी बहीण, खोटं बोलून घेतलेली सही. आवाजही चढवून ठेवला होता.

“येईल की,” बाई म्हणाल्या. “सही तुमची आहे. तुम्ही आत्ता म्हणालात तर आत्ता. एक कागद भरायचा, झालं. जबरदस्ती नसते इथे कुणाला.” पुढे म्हणाल्या, “फक्त आज नेलंत तर ही जागा उद्या दुसऱ्याला जाईल. पुन्हा मिळायला किती वर्षं, मी सांगू शकत नाही. तुमचं तुम्ही ठरवा. घाई नाही.”

घाई नव्हती. कुणी अडवत नव्हतं, कुणी फसवत नव्हतं. दाराला कडीसुद्धा बाहेरून होती, हाताच्या अंतरावर. तिने नुसतं “चल” म्हटलं असतं तर तो उठून आला असता, कुठे होतो विचारलंही नसतं. ती साठीला टेकली होती; तो अजून वीस वर्षं जगेल, डॉक्टर म्हणाले होते, हृदय उत्तम आहे. वीस वर्षं तिने मनात धरून पाहिली. मग खिडकीशी त्याची खुर्ची, सुनेचं सुजलेलं मनगट, आणि त्यांच्याही खाली, सगळ्यांच्या बुडाशी, कोमट पाण्यात सोडलेला हात आणि तो हलका पाऊण तास. सुनेचं मनगट तिने पुढे ओढलं. कारण म्हणून ते जास्त शोभत होतं.

“असू दे आजच्या दिवस,” ती म्हणाली. “बसलाय शांत. मी उद्या येते.”

“पंधरा दिवस येऊ नका. त्यांना रुळायला सोपं जातं.”

“बरं,” ती म्हणाली, आणि ते किती पटकन निघालं ते तिचं तिलाच ऐकू गेलं.

घरी तिघं जेवणाच्या टेबलाभोवती बसली होती, कुणी पानाला हात लावला नव्हता. सून उठून दाराशी आली आणि तिच्या खांद्यावरून मागे जिन्यात पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. सुनेच्या चेहऱ्यावर क्षणभर जे दिसलं ती सुटका होती की निराशा, ते तिला कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

“भेटला?” मुलाने विचारलं.

“पाहिला. जेवलाय.”

“आणला नाहीस?” हे सून म्हणाली, अगदी हळू.

ती चपला काढत होती. आजही तिने तितकाच जास्त वेळ लावला.

“नाही देत ते,” ती म्हणाली. “मी पुष्कळ भांडले. एकदा दाखल केलं की सहा महिने नेता येत नाही म्हणे. नियम आहे.”

मुलाने मान खाली घातली. नवऱ्याने वर पाहिलं. त्या चार पानांतला शब्द न् शब्द त्याने दोनदा वाचलेला होता. न वाचता त्याने उभ्या जन्मात एका कागदाला हात लावला नव्हता. त्याने तिच्याकडे पाहिलं, नीट, आणि पहिल्यांदाच ती त्याच्यापुढे उघडी पडली असं तिला वाटलं. तो आता काय म्हणतो याची ती वाट पाहत राहिली.

“हो,” तो म्हणाला. “असतो तसा नियम.”

आणि त्याने तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली. ती बसली.